पदार्थ, द्रव्य आणि लोहचुंबक : बालबोध विज्ञानगद्याची एक परीक्षा

मराठीत बालवाङ्मयाची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा गोष्ट, कविता आणि नाटुकले या तिघांभोवती फिरते आणि तेथेच थांबते. मुलांच्या हाती वर्षाचे दोनशे दिवस जे गद्य असते, जे त्यांना मोठ्याने वाचावे लागते, पाठ करावे लागते आणि परीक्षेत पुन्हा लिहून दाखवावे लागते, त्याची गणना वाङ्मयात करण्याचे आपल्या टीकाकारांच्या मनात सहसा येत नाही. पाठ्यपुस्तकातला विज्ञानाचा धडा हा शिक्षणखात्याचा विषय, साहित्यसंस्थेचा नव्हे, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. गोष्टीतले एखादे वाक्य फसले तर गोष्ट थोडी नीरस होते, इतकेच. विज्ञानाच्या धड्यातले वाक्य फसले तर मूल स्वतःच्या डोळ्यांपेक्षा छापील अक्षरावर अधिक विश्वास ठेवावयास शिकते. ज्या गद्याच्या हाती एवढे बरे-वाईट आहे त्याची परीक्षा साहित्याच्या कसोटीवर झालीच पाहिजे.

या लेखापुरते आम्ही दोनच विषय घेत आहोत : पदार्थाची ओळख आणि लोहचुंबकाची ओळख. तिसरी ते पाचवीच्या पुस्तकांत हे दोन्ही विषय कोठे ना कोठे येतातच. यांतला पहिला विषय सगळीकडे पसरलेला असल्यामुळे मुलाच्या नजरेत भरत नाही. दुसरा क्वचित हाती येतो आणि म्हणूनच मुलाला वेड लावतो. लेखकाच्या अंगी असणारे दोन निरनिराळे गुण येथे कसास लागतात. परिचिताला अपरिचितासारखे दाखविणे हा पहिला, आणि नवल वाटणाऱ्या गोष्टीविषयी नेमके बोलणे हा दुसरा.

कसोट्या आम्ही तीन मानतो. पहिली, वाक्य खरे असावे. म्हणजे मुलाने ते घरी जाऊन पडताळून पाहिले तरी टिकावे. दुसरी, शब्द मुलाच्या ओळखीचा असावा, आणि घरात त्याचा अर्थ निराळा होत असेल तर लेखकाला त्याची जाणीव असावी. तिसरी, धडा वाचून झाल्यावर मुलाच्या हातांना काही करावेसे वाटावे. या तीन कसोट्या दिसावयास साध्या आहेत; परंतु त्या लावू गेले असता आपले रूढ गद्य बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरच अडखळते असे दिसून येईल.

प्रथम 'पदार्थ' हा शब्दच घ्या. मराठी घरात पदार्थ म्हणजे खाण्याचा पदार्थ. थालीपीठ हा पदार्थ, साबुदाण्याची खिचडी हा पदार्थ. सणाला चार पदार्थ होतात. ज्या मुलाने हा शब्द आईच्या तोंडून याच अर्थाने ऐकला आहे त्याला पुस्तक एकाएकी सांगते की दगड हा पदार्थ आहे, खुर्चीही पदार्थांची बनलेली आहे. वर्गात हशा पिकतो, आणि तो हशा अडाणीपणाचा नसून भाषेच्या जाणकारीचा असतो. शास्त्राकडे वळावे तर तेथेही हा शब्द निर्वेध नाही. वैशेषिक दर्शनात पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, विचाराचा एक वर्ग. तेथे द्रव्य हा एक पदार्थ आहे, तसेच गुण आणि कर्म हेही पदार्थच आहेत. म्हणजे परंपरेच्या दृष्टीने लाल रंग आणि धावणे हीदेखील पदार्थांत मोडतात. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने मोडत नाहीत.

'द्रव्य' हा दुसरा शब्द अधिक शास्त्रशुद्ध समजला जातो. पण कीर्तनात आणि जुन्या गोष्टींत द्रव्य म्हणजे पैसा. व्यापारी द्रव्य मिळवावयास परदेशी जातो. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांच्या जोडीला काल, दिक्, आत्मा आणि मन हीही बसलेली आहेत. आजच्या विज्ञानाला या यादीतली निम्मी मंडळी चालणार नाहीत. शिवाय 'द्रव' आणि 'द्रव्य' या शब्दांतील अंतर एका यकाराचे. चौथीतला मुलगा घाईघाईने वाचताना 'सर्व द्रव्ये जागा व्यापतात' याऐवजी 'सर्व द्रव जागा व्यापतात' असे वाचतो, आणि शिक्षकाचे लक्ष नसेल तर तसेच समजून पुढे जातो.

शब्द बदलावेत असे आमचे म्हणणे नाही. पारिभाषिक शब्द एकदा रूढ झाले की ते तसेच राहू द्यावेत, हेच शहाणपणाचे. आमचे म्हणणे इतकेच की हा शब्द धड्याच्या पहिल्या ओळीत येऊ नये. त्याच्या अगोदर मुलाच्या भाषेत जे आहे ते वापरावे. मराठीच्या षष्ठी विभक्तीतच पदार्थाची कल्पना दडलेली आहे. 'हे कशाचे?' एवढा एकच प्रश्न वर्गात फिरवावा. खुर्ची लाकडाची, घंटा पितळेची, पिंप पत्र्याचे, पिशवी कापडाची. वस्तू निराळी आणि ती ज्याची केली ते निराळे, हा भेद मुलाच्या तोंडी आधीपासूनच आहे. तो त्याच्या ध्यानात आणून देणे एवढेच लेखकाचे काम.

आणि या प्रश्नाची गंमत अशी की मराठीतली वस्तूंची नावे त्याला पदोपदी चकवतात. तांब्याचा तांब्या आणि पाण्याचा तांब्या यांत षष्ठी एकच, पण पहिल्यात ती घडणीची आहे आणि दुसरीत साठवणीची. आज घरोघरी जो तांब्या आहे तो बहुधा स्टीलचा आहे. ग्लास हा काचेचा म्हणून ग्लास. तोही स्टीलचाच असतो. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. नाव एकाचे आणि घडण दुसऱ्याची, हे एकदा मुलाच्या ध्यानात आले म्हणजे 'पदार्थ' या शब्दाची गरज त्याची त्यालाच भासू लागते. गरज भासल्यावर दिलेला शब्द टिकतो. गरजेपूर्वी दिलेला केवळ पाठ होतो.

आता पदार्थाच्या तीन अवस्था पाहू. या ठिकाणी आपल्या गद्याचा सर्वांत मोठा दोष दिसून येतो, आणि तो असा की ते क्रियापदे टाकून नामे गोळा करीत बसते. बाष्पीभवन, संघनन, गोठण, विलयन ही नामे पुढे लागणार आहेत यात संशय नाही. पण ज्या भाषेत तूप थिजते, पाणी गोठते, मेण वितळते, साखर विरघळते, दूध आटते, दही लागते, कपडे वाळतात आणि ओलावा सुकतो, त्या भाषेतल्या मुलाला अवस्थांतराचे अर्धे शास्त्र स्वयंपाकघरातच मिळालेले असते. थिजणे आणि गोठणे यांत मराठी जो भेद करते तो मोलाचा आहे. तूप आणि खोबरेल थंडीत कपाटात ठेवल्या ठेवल्या घट्ट होतात, पाणी होत नाही. निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या तापमानाला घट्ट होतात ही गोष्ट भाषेने दोन क्रियापदे योजून आधीच नोंदवून ठेवली आहे. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते. माळव्यातल्या पौष महिन्यात बाटली उन्हात ठेवून तेल पातळ करून घेण्याचे काम ज्या मुलीने केले आहे तिला द्रवणांकाची ओळख करून देण्यास एक वाक्य पुरे.

हा मुद्दा आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शिक्षकांना विशेष जिव्हाळ्याचा आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांतली मुले बाजारात आणि मैदानावर हिंदी बोलतात, शाळेत बहुधा हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात, आणि त्यांचे मराठी आजी आणि स्वयंपाकघर यांच्या आधाराने उभे असते. हिंदीत दही, तूप आणि पाणी या तिन्हींसाठी एकटे 'जमना' पुरते. म्हणून आमची मुले 'तूप जमलं' असे म्हणतात, आणि पुण्याचा पाहुणा हसून 'काय जमलं?' असे विचारतो. हिंदीची यात काही उणीव नाही. तिचा संसार तिच्या रीतीने चालतो. पण 'थिजणे' हे क्रियापद आमच्या मुलांच्या तोंडून गेले तर त्याबरोबर एक निरीक्षणही जाते. भाषा टिकविण्याचे जे अनेक उपाय आपल्या संस्थांच्या सभांतून सुचविले जातात त्यांत प्राथमिक विज्ञानाच्या धड्याचे नाव आम्ही कधी ऐकलेले नाही. वास्तविक ज्या विषयाला स्वयंपाकघरातले मराठी मुळापासून लागते असा हा एक विषय आहे.

अवस्थांच्या व्याख्यांकडे वळले असता पहिली कसोटी, म्हणजे खरेपणाची, आड येते. 'द्रवाला स्वतःचा आकार नसतो. तो भांड्याचा आकार घेतो' हे वाक्य अशा धड्यांत हटकून असते. एखादी चौकस मुलगी विचारते की रवाही डब्याचा आकार घेतो, मोहरीही ओतली जाते, मग ती द्रव कां नव्हेत? या प्रश्नावर पुस्तक गप्प असते आणि पुष्कळदा शिक्षक रागावतो. उत्तर अवघड नाही. रवा ताटात ओतला तर त्याचा ढीग होतो, पाण्याचा होत नाही; आणि रव्याचा एक कण बोटावर घेतला तर तो डब्याचा आकार घेत नाही, आपलाच राखतो. ज्या धड्यात हा प्रश्न लेखकानेच उभा केला असेल तो धडा चांगला, असे आम्ही बेलाशक म्हणू. तसेच 'पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते' हे विधान. ते समुद्रसपाटीपुरते खरे आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. येथे चांगला तापमापक उकळत्या पाण्यात धरला तर तो ९८ अंशांच्या आसपास थांबतो. 'समुद्रसपाटीला' हा एक शब्द गाळल्यामुळे येथले मूल आपला तापमापक खोटा ठरवून मोकळे होते.

वायूची अडचण आणखी निराळी. मराठीत भांडे 'रिकामे' असते. रिकाम्या ग्लासाच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवून तो ग्लास उपडा, सरळ, बादलीभर पाण्यात दाबला तर कागद कोरडा राहतो. म्हणजे ग्लास रिकामा नव्हताच. हा प्रयोग जगभरच्या पुस्तकांत आहे. परंतु मराठी धड्यात त्याचे महत्त्व 'रिकामा' या शब्दाची ती दुरुस्ती आहे यात आहे, आणि ते लेखकाने सांगितले पाहिजे. त्याचप्रमाणे स्वयंपाकघरातला 'गॅस'. घरगुती टाकीत १४.२ किलो भरलेला असतो तो बव्हंशी द्रवरूपात, दाबाखाली. शेगडीपर्यंत येईतो त्याचा वायू होतो. जे नाव मुलाने वायूसाठी ऐकले आहे ते ज्या वस्तूला चिकटले आहे ती टाकीत वायू नाहीच, ही गोष्ट सांगितल्यावर वर्ग कसा जागा होतो हे शिक्षकांनी अनुभवून पाहावे.

येथे पारिभाषिक नावांविषयी एक शब्द. पहिल्या अवस्थेला महाराष्ट्राची पुस्तके 'स्थायू' म्हणतात, जुनी पुस्तके 'घन' म्हणत, आणि हिंदी पुस्तके 'ठोस'. 'घन' ढगालाही म्हणतात, गणितातल्या घनालाही म्हणतात, आणि लोहाराच्या मोठ्या हातोड्यालाही. म्हणून 'स्थायू' हा शब्द कृत्रिम असला तरी गोंधळ टाळणारा आहे, हे आम्ही मान्य करतो. मात्र बेळगावकडील मराठी शाळा कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाने शिकतात, इंदूरकडील मुले हिंदी संज्ञा शिकतात, तेव्हा महाराष्ट्राबाहेर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाने एका ओळीत तिन्ही नावे दिली तर ती कृपाच होईल.

आता लोहचुंबकाकडे येऊ. हा विषय आपल्या वाङ्मयाला नवा नाही. 'कुमारसंभवा'च्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना उपाय सांगताना शंकराचे मन उमेच्या रूपाने ओढण्यास अयस्कान्ताने लोखंड ओढण्याची उपमा देतो. 'चुंबक' हे नावही त्याच शृंगाराच्या बाजूचे. उलट कणादाच्या सूत्रांत सुईच्या अयस्कान्ताकडे जाण्याचे कारण 'अदृष्ट' म्हणून सांगितले आहे. एकाने या ओढीला प्रेमाचे रूप दिले. दुसऱ्याने कारण दिसत नाही असे स्पष्ट म्हटले. बालबोध गद्यापुढे आजही हेच दोन रस्ते आहेत, आणि ते बहुधा पहिला पत्करते.

'लोहचुंबकाला लोखंड फार आवडते', 'चुंबकराव आणि सुईताई यांची गट्टी जमली' अशा धर्तीचे लेखन मुलांच्या मासिकांतून पुष्कळ येते. ते लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि सात वर्षांच्या मुलाला निर्जीव वस्तूंशी गप्पा मारणे स्वाभाविक वाटते हेही खरे. म्हणून या रीतीला आम्ही सरसकट त्याज्य म्हणत नाही. पण ती कोठे मोडते ते पाहावे. आवडीनिवडीने जर लोखंड ओढले जात असेल तर एक चुंबक दुसऱ्याला दूर कां ढकलतो? एका टोकाशी भांडण आणि दुसऱ्या टोकाशी गट्टी, हे एकाच माणसाच्या स्वभावात कसे बसवावे? गोष्ट येथे ताणावी लागते आणि मुलाचे लक्ष चुंबकावरून उडून गोष्टीवर जाते. उपमा जेथे मोडते तेथे ती सोडून देण्याचे धैर्य लेखकाच्या अंगी असले पाहिजे; अशा गोष्टींत ते क्वचित आढळते.

दुसरा दोष याच्या उलट टोकाचा, आणि तो पाठ्यपुस्तकांत अधिक. 'लोहचुंबक लोखंडाला कां आकर्षून घेतो? त्याच्या अंगी चुंबकत्व असते म्हणून.' या प्रश्नोत्तरात उत्तराने प्रश्नात काहीच भर घातलेली नाही; शब्दाला 'त्व' लावून तो परत केला आहे. अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६६ साली तेथील विज्ञानशिक्षकांपुढे केलेल्या भाषणात नेमका हाच दोष दाखविला होता. पहिलीच्या पुस्तकात किल्लीच्या कुत्र्याचे चित्र देऊन तो कशाने चालतो असे विचारले होते, आणि अपेक्षित उत्तर 'ऊर्जेने' असे होते. त्यांनी शिक्षकांना एक कसोटी दिली : जो नवा शब्द शिकलात तो न वापरता, शिकलेली गोष्ट आपल्या भाषेत सांगून पाहा. ही कसोटी आम्ही आपल्या धड्यांना लावतो तेव्हा 'चुंबकत्व', 'आकर्षण', 'चुंबकीय पदार्थ' हे शब्द काढून घेतल्यावर पुष्कळदा पानावर काही उरतच नाही. त्या मानाने कणादाचे 'अदृष्ट' अधिक प्रामाणिक. आठ वर्षांच्या मुलाला कां ते सांगता येत नसेल तर 'ते तू मोठा झाल्यावर शिकशील. आज काय काय होते ते पाहू' असे पुस्तकाने म्हणावे. त्यात लेखकाचा काही कमीपणा नाही.

काय काय होते ते पाहण्याची सामग्री घरात भरपूर आहे. 'लोखंड, निकेल आणि कोबाल्ट यांना चुंबक ओढतो' हे वाक्य खरे आहे. पण मुलाच्या हाती ना निकेलचा तुकडा असतो ना कोबाल्टचा. त्याच्या हाती स्टीलची वाटी असते. तो चुंबक लावून पाहतो तर एक वाटी चिकटते आणि तिच्या शेजारची चिकटत नाही. कारण स्टेनलेस स्टीलच्या जाती अनेक आहेत. दोन्हींत लोखंडच मुख्य असले तरी ज्या जातीत निकेल पुरेसे मिसळलेले असते तिच्यातल्या अणूंची मांडणी निराळी होते आणि चुंबक तिला जवळजवळ दाद देत नाही. रुपयाचे नाणे घ्या. १९९२ पासूनचे पोलादी नाणे चुंबकाला चिकटते; त्यापूर्वीचे, तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचे, चिकटत नाही, निकेल असूनही. म्हणजे पदार्थांची नुसती नावे पुरत नाहीत, त्यांची मांडणीही मोजावी लागते. पदार्थाचा धडा आणि चुंबकाचा धडा येथे एकमेकांस भेटतात. आपल्या पुस्तकांत ते चार पाने दूर, पाठमोरे बसलेले असतात.

आणखी एक प्रयोग, ज्याला पैसाही लागत नाही. लोहकीस मिळत नाही म्हणून चुंबकाचा धडा फळ्यावरच उरकणारे शिक्षक आम्हांस ठाऊक आहेत. चुंबक कागदात गुंडाळून नदीच्या किंवा बांधकामाच्या वाळूतून फिरवावा. माळव्यातल्या आणि दख्खनच्या काळ्या कातळात चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. ते वाळूत उतरतात आणि कागदाला काळ्या मिशांसारखे चिकटून येतात. कागद चुंबकावरून काढला की ते खाली पडतात. धड्यात ही एक सूचना असली तर तिसऱ्या कसोटीचे काम झाले.

ध्रुवांच्या नियमात शब्दांचा प्रश्न पुन्हा येतो. 'ध्रुव' हा शब्द उत्तम. ध्रुवबाळाची गोष्ट आणि अढळ तारा मुलाच्या मनात आधीच असतात, आणि टांगलेला चुंबक त्याच दिशेला वळून स्थिरावतो. पण 'सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण आणि विजातीय ध्रुवांत आकर्षण' हे वाक्य आमच्या मनाला नेहमी खटकते. पुस्तकाबाहेर 'जात' या शब्दाचा अर्थ मुलाला लवकर कळतो, कळू नये तितक्या लवकर कळतो. त्या शब्दाला चुंबकाच्या टोकांवर आणून बसविण्याची गरज काय? 'सारखी टोके दूर ढकलतात, वेगळी टोके जवळ ओढतात' या वाक्यात शास्त्राचा काडीमात्र लोप होत नाही. तसेच 'उत्तर ध्रुव' न म्हणता 'उत्तरेकडे वळणारे टोक' म्हटले, तर पाचवीतली हुशार मुलगी पुढे एक कोडे घालते त्याचे उत्तर सोपे जाते. कोडे असे : वेगळी टोकेच जर ओढतात, तर पृथ्वीच्या उत्तरेला कोणते टोक असले पाहिजे?

प्रश्न येतो की मग आपल्याकडे सांगण्यासारख्या गोष्टी नाहीतच काय? आहेत, आणि त्या 'चुंबकरावां'पेक्षा सरस आहेत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने होऊ लागली. आपले 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही त्या वेधशाळेचे काम काही काळ पाहिले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. वीज वाहू लागली की तिच्याभोवतीही चुंबकाचे गुण प्रकट होतात आणि नाजूक सुया डळमळतात. म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला नेली. १९०४ मध्ये ती सुरू झाली, दोन वर्षे दोन्ही ठिकाणची मापने ताडून पाहिली, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेच्या ट्रामा धावू लागल्या. अलिबागची इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळले आणि स्थानिक काळा दगडही न घेता पोरबंदरचा दगड आणला. आमच्या वाळूतले काळे कण आठवा, म्हणजे काळा दगड कां नको ते चौथीचे मूलही सांगेल. एका गोष्टीत पदार्थ आहे, चुंबक आहे, वीज आहे, आणि मोजमापाच्या सचोटीसाठी घेतलेले कष्ट आहेत. ही गोष्ट प्रत्येक मराठी बालवाचनात असावयास हवी.

परंपरेचा धागाही तुटलेला नाही. हरि केशवजी यांचे 'सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद' १८३३ चे. संवादाच्या रूपाने शास्त्र सांगावे हा विचार मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतच झाला होता. अलीकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी केलेल्या 'हलकं-फुलकं विज्ञान' या मालेने उत्तरे घोकविण्याऐवजी पाहा, करा, विचारा अशी वाट घालून दिली. आमच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेला विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सहावी ते आठवीच्या मुलांसाठी होता. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांची हिंदी इतकी सरळ होती की ती वाचून मूल प्रयोगास लागे. तो उपक्रम २००२ मध्ये बंद झाला. परंतु साध्या बोलीत काटेकोर शास्त्र लिहिता येते हे त्याने सिद्ध केले, आणि तो धडा मराठीने आपल्या शेजारणीकडून घेण्यास हरकत नाही.

आमच्या या विवेचनावर एक आक्षेप येईल तो असा की परिभाषा टाळून मुलांची पुढची वाट अडेल; परीक्षेत 'बाष्पीभवन'च लिहावे लागते. आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही परिभाषा टाळा असे म्हणतच नाही. आमचा आग्रह क्रमाविषयी आहे. आधी तूप थिजावे, मग 'थिजले' असे मुलाने म्हणावे, मग 'स्थायू' हा शब्द यावा. क्रम उलटला की शब्द राहतो आणि तूप जाते. दुसरा आक्षेप वेळेचा. चाळीस मिनिटांच्या तासिकेत वाटी, नाणे, वाळू हे सारे कसे बसावे? आमचे उत्तर असे की ते घरी बसावे. धडा चांगला लिहिलेला असेल तर मूल प्रयोग घरी करून येते, आणि तासिका केवळ त्याचे म्हणणे ऐकण्यास उरते.

आजच्या लेखकाने एका गोष्टीविषयी मात्र कानाडोळा करू नये. पूर्वी मुलांच्या हाती घोड्याच्या नालाचा बोथट चुंबक असे. १९८० नंतरच्या दशकात निघालेले निओडिमियमचे चुंबक हरभऱ्याएवढे असून विलक्षण जोरकस असतात आणि खेळण्यांतून सर्रास येतात. असे दोन तुकडे मुलाने गिळले तर ते आतड्याच्या भिंतींतून एकमेकांस ओढतात आणि जिवावर बेतते. अशा वेळी तात्काळ रुग्णालय गाठावे लागते. चुंबकाचा धडा ही सूचना दिल्यावाचून छापला जाऊ नये. खरेपणाच्या कसोटीत जपणूकही येते, असे आम्ही समजतो.

आपल्या साहित्यसंस्था वर्षाला कथास्पर्धा आणि काव्यस्पर्धा भरवितात. त्यांनी एक वर्ष तिसरीच्या मुलासाठी पदार्थावर किंवा लोहचुंबकावर चार पाने लिहिण्याची स्पर्धा ठेवून पाहावी, असे आम्ही सुचवितो. परीक्षकांत एक साहित्यिक, एक विज्ञानशिक्षक आणि तिसरीतली पाच मुले असावीत. मुलांना गुण देण्याचे काम सांगू नये. धडा वाचून ती वाटी, नाणे आणि वाळू शोधावयास उठतात की नाही, एवढेच परीक्षकांनी पाहावे. ज्या धड्याने ती उठतील तो पुढच्या अंकात छापावा, आणि त्यातले थिजणे, गोठणे, वितळणे, विरघळणे हे शब्द आमच्या इंदूरच्या मुलांच्या तोंडी कितपत उतरतात ते आम्ही कळवू.